ऐकणाऱ्याचा चेहरा

परवा एका मैत्रिणीनं फोनवर एक छोटासा व्हिडिओ धाडला. 'येस मिनिस्टर' या जुन्या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेतला प्रसंग, कुणीतरी रीलसाठी उभा कापलेला. मूळ चौकटीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं आहेत, एकीकडे सचिव सर हम्फ्री आणि दुसरीकडे मंत्री जिम हॅकर. उभ्या पडद्यात दोघं मावत नाहीत म्हणून कापणाऱ्यानं एकालाच ठेवलं होतं, आणि नेमका बोलणाराच चौकटीबाहेर गेला होता. हम्फ्रीचं ते वळणावळणाचं वाक्य नुसतं कानावर पडत होतं, पडद्यावर होता तो ऐकणारा. आधी चीडच आली. मग व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला, पुन्हा झाला, आणि हातातला चहा निवला तरी मी तो बंद केला नाही. वाक्य सुरू होतं तेव्हा हॅकर खुर्चीत रेललेला, हनुवटी किंचित वर, मंत्रिपद अंगात भिनलेलं. सुरुवातीला मान डोलते. वाक्याला पहिला फाटा फुटतो तसं डोलणं मंदावतं. दुसऱ्या फाट्याला पापण्या दोनदा पटापट मिटतात. मग ओठांच्या कोपऱ्यात एक हसू येतं, काहीही न कळलेल्या पण कळल्यासारखं दाखवायची निकड असलेल्या माणसाचं. नजर हळूच आपल्या खासगी सचिवाकडे, बर्नार्डकडे सरकते, तिथून मदत नाही म्हणून परत येते. वाक्य संपतं. तो क्षणभर तसाच. आणि स्टुडिओतली माणसं हसतात ती तिथे, त्याच्या त्या क्षणभर थांबण्यावर.

इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाकडे बघत होते असं नाही म्हणणार मी. नायजेल हॉथॉर्नचा हम्फ्री होताच बघण्यासारखा. पण हॅकर झालेल्या पॉल एडिंग्टनचं काय करायचं, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आहे.

आमच्या घरी ही मालिका आली ती मावसभावानं विलायतेहून आणलेल्या व्हिडिओ कॅसेटमधून. बाबा तेव्हा सरकारी कचेरीत होते. इंग्रजी संवाद वेगानं जायचे, अर्धे कळायचे नाहीत, पण बाबांना कळायची गरजच पडत नसे. एखादी फाइल टेबलावर आली की पुढे काय होणार हे त्यांना हम्फ्रीच्या आधी ठाऊक असायचं. 'मान्यतेस्तव सादर', 'कृपया चर्चा करावी', 'वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत' असले शेरे ते पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणायचे आणि मग आमच्या आधी हसायचे. ज्या भागात एका नव्याकोऱ्या इस्पितळात पाचशेच्या वर कर्मचारी आहेत आणि रुग्ण एकही नाही, तो भाग आमच्याकडे इतक्या वेळा लागला की फितीवर रेघा पडायला लागल्या. आम्ही भावंडं हम्फ्रीची नक्कल करायचो. लांब श्वास घ्यायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि तोंडाला येईल ते मोठमोठे शब्द लावत सुटायचं. हॅकरची नक्कल कुणी केल्याचं मला आठवत नाही. करणार काय? त्याच्याकडे उचलून नेता येईल असं काही नव्हतंच. बाबा फक्त अधूनमधून त्याच्याकडे बघून म्हणायचे, "बिचारा."

आणि सन्मान देणाऱ्यांचंही आमच्यासारखंच झालं. 1981, 1982, 1986 आणि 1987 अशी चार वर्षं हॉथॉर्नला या भूमिकेसाठी ब्रिटनचा मानाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. चारही वेळा त्याच गटात एडिंग्टनचंही नामांकन होतं. एकाच मालिकेतले दोघं, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारे, चारदा शेजारी बसून तोच निकाल ऐकायचा. हॉथॉर्नचा हक्क मी नाकारत नाही. ती स्वगतं पाठ करणं, एका श्वासात म्हणणं, अर्थाचा एकही धागा सुटू न देणं हे कष्टाचं काम आहे आणि ते दिसतं. ऐकण्याचे कष्ट दिसत नाहीत. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे पक्कं माहीत असतं: हशा ज्याच्या वाक्यावर येतो तो भाव खाऊन जातो, पण समोरच्यानं ते वाक्य नीट घेतलं नाही तर कितीही चांगलं वाक्य पडून जातं. मालिकेचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर व्हायचं. म्हणजे हॅकरला वाक्य घ्यायचं, हशा येईपर्यंत चेहरा धरून ठेवायचा, हशा ओसरायच्या बेताला एक बारीकसा बदल करून तो पुन्हा उचलून धरायचा आणि मग आपलं वाक्य टाकायचं. मालिकेत बारकाईनं बघितलं तर कितीतरी ठिकाणी एका वाक्यावर दोनदा हशा आहे. पहिला हम्फ्रीचा. दुसरा याचा.

हे ऐकणं त्यानं कुठून आणलं असेल? माझा एक तर्क आहे. पॉल एडिंग्टनचा जन्म 1927 चा, लंडनचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरातला. शिक्षणही ऑक्सफर्डशायरमधल्या सिबफर्डच्या क्वेकर शाळेत. क्वेकर मंडळींच्या प्रार्थनासभेत पाद्री नसतो, ठरलेला पाठ नसतो. सगळे गोल करून गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि पुन्हा शांतता. कधी कधी सबंध सभा एकाही शब्दाविना संपते. ज्या पोराचं लहानपण अशा खोल्यांमध्ये गेलं, त्याला न बोलता माणसांमध्ये बसायचं कसं हे कळलं असणार. पुरावा माझ्याकडे नाही. पण नाटकाच्या शाळेत आवाजाचे धडे मिळतात, हातवाऱ्यांचे मिळतात. दुसरा बोलत असताना पूर्णपणे तिथे असण्याचा धडा त्याला त्या बाकांवर मिळाला असं मानायला मला आवडतं.

क्वेकर असण्याचा दुसरा अर्थ युद्धाला नकार. दुसरं महायुद्ध चाललं होतं तेव्हा हा मुलगा सैनिकांची करमणूक करणाऱ्या 'एन्सा' या संस्थेच्या नाटकांतून कामं करायला लागला. स्वतः हत्यार धरायला मात्र त्यानं सदसद्विवेकाच्या कारणानं नकार दिला आणि तशी नोंद केली. त्या वयात, त्या काळात, रस्त्यावर निम्मी माणसं गणवेशात असताना हे सांगायला जावं लागलं असेल तेव्हा समोरच्या टेबलावरचे चेहरे कसे असतील याचा मी विचार करते. पुढे बर्मिंगहॅम, ब्रिस्टल अशा गावोगावच्या नाटक कंपन्यांमध्ये त्यानं उमेदवारी केली. एक नाटक उभं राहतंय तोवर दुसऱ्याच्या तालमी, अशी ती हमाली असे. टेलिव्हिजनवरच्या रॉबिन हूडच्या टोळीत तो विल स्कार्लेट होता. मग वर्षानुवर्षं वकील, अधिकारी, डॉक्टर, हेर अशा लहानमोठ्या भूमिका.

नाव झालं ते 1975 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या-अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. 'द गुड लाइफ' या मालिकेत नायक नोकरी सोडतो आणि नायक-नायिका सर्बिटनसारख्या सुखवस्तू उपनगरात आपल्या बंगल्याच्या आवारात शेती करतात, डुकरं पाळतात. एडिंग्टन त्यांचा शेजारी, जेरी. सुटाबुटातला, कचेरीतून दमून आलेला, ताठ मानेच्या बायकोला सांभाळून घेणारा. नायिका होती फेलिसिटी केंडल, म्हणजे आपल्या शशी कपूरची मेहुणी, जिचं बालपण आईवडिलांच्या फिरत्या शेक्सपिअर कंपनीबरोबर भारतभर हिंडण्यात गेलं आणि जिच्या बहिणीनं, जेनिफरनं, नवऱ्यासोबत जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं. हे माहीत झाल्यापासून मला ती मालिका जरा घरचीच वाटते. शेवटचा खास भाग 1978 मध्ये झाला तेव्हा स्टुडिओतल्या प्रेक्षकांत खुद्द राणी एलिझाबेथ बसली होती. या मालिकेतही एडिंग्टनचं काम तेच: विक्षिप्तपणा इतरांनी करायचा, यानं तो सोसायचा. जेरी नोकरी सोडत नाही. शेजाऱ्यांच्या चिखलाकडे तो कुंपणावरून बघतो तेव्हा त्याच्या नजरेत चेष्टा असते आणि किंचित हेवाही. तो हेवा मला फार खरा वाटतो.

'येस मिनिस्टर' 1980 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, 1984 च्या शेवटी हॅकर पंतप्रधान झाला, 1986 मध्ये मालिकेचं नावही बदललं, 1988 मध्ये सगळं संपलं. एकूण 38 भाग. त्यातला एक भाग असा आहे की एडिंग्टनची हकीकत कळल्यावर मी तो पूर्वीसारखा बघू शकत नाही. पंतप्रधान झाल्यानंतरचा पहिलाच, 'द ग्रँड डिझाइन'. हॅकरला नुकतंच कळलंय की अण्वस्त्रांचं बटण आता त्याच्या हाती आहे. सरकारचा मुख्य विज्ञान सल्लागार, युरोपी उच्चारांचा एक म्हातारा प्राध्यापक, त्याची गाठ घेतो आणि प्रश्न विचारायला लागतो. समजा पश्चिम बर्लिनमध्ये दंगल झाली, इमारती पेटल्या, पूर्व जर्मनीचे बंब सीमा ओलांडून मदतीला आले. दाबणार बटण? हॅकर मान हलवतो, नाही. बंबांबरोबर पोलीस आले. दाबणार? नाही. पोलिसांमागोमाग थोडं सैन्य आलं, फक्त दंगल आवरायला. मग पूर्व जर्मनांच्या जागी रशियन आले. मग ते गेलेच नाहीत. मग रस्ते बंद, विमानतळ बंद. आता दाबणार? हॅकर म्हणतो, मला विचार करायला वेळ हवा. म्हातारा म्हणतो, तुमच्याकडे बारा तास आहेत.

या सगळ्या प्रसंगात एडिंग्टनला वाक्यं म्हणावीत अशी फारशी नाहीत. तो उभा आहे, ऐकतो आहे आणि मान हलवतो आहे. पहिला नकार सहज आहे, पाहुण्याला साखर किती विचारावी आणि त्यानं नको म्हणावं तसा. पुढचा जरा सावध. मग मान हलते पण डोळे हलत नाहीत. 'बारा तास' ऐकल्यावर चेहऱ्यावरचं पंतप्रधानपद एकदम गळून पडतं आणि खाली एक साधा घाबरलेला माणूस दिसतो. प्रेक्षक खदखदून हसताहेत. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी प्रसंग अफलातूनच लिहिलाय. पण जो माणूस अठराव्या वर्षाच्या आसपास बंदूक हाती घ्यायला नाही म्हणाला, तो साठीकडे झुकताना पंतप्रधानांच्या कपड्यांत उभा राहून विचारला जातोय की कोट्यवधी माणसं मारायचं बटण तू नक्की कधी दाबशील, आणि तो दर वेळी मान हलवतो. ती मान कुणाची, हॅकरची की त्याची? मला यातलं विनोदाचं आणि खरेपणाचं वेगवेगळं काढता येत नाही. मी हसते आणि छातीत काहीतरी धरून बसल्यासारखं होतं.

खऱ्या सत्ताधाऱ्यांना मात्र तो आपल्यातलाच वाटायचा. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचरना ही मालिका इतकी प्रिय होती की 1984 मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी स्वतःच्या कचेरीत लिहिलेला छोटा प्रवेश स्वतःच पंतप्रधान बनून सादर केला. सोबतीला एडिंग्टन आणि हॉथॉर्न. दोघांनाही ते मनापासून नको होतं, पण नाही कसं म्हणणार? पुढे ऑस्ट्रेलियात तर पंतप्रधान बॉब हॉक यांनी भर सभेत सांगितलं, माझं काय ऐकताय, खरे पंतप्रधान इथे आलेत, त्यांचं ऐका. आणि एडिंग्टनला उभं राहून जमेल तसं बोलावं लागलं. हे किस्से सगळे मजेनं सांगतात. मला त्यात थोडी कीवही दिसते. युद्धाच्या विरोधातल्या माणसाला सत्तेनं मोठ्या प्रेमानं कडेवर घ्यावं आणि त्यानं सभ्यपणे ते सोसावं. सोसणं त्याला जमायचं, पडद्यावर आणि बाहेरही.

आपल्याकडे 2001 मध्ये 'जी मंत्रीजी' आली तेव्हा मंत्री झाला फारुख शेख. याहून योग्य माणूस मला सुचत नाही. तोही ऐकणारा नट. मुंबईच्या रंगभूमीवर वाढलेला, समोरच्याला जागा करून देणारा, आपण चार अंगुळं मागे राहणारा. बाबांनी ती मालिका हिंदीत बघताना पहिल्यांदा मंत्र्याकडे नीट लक्ष दिलं असावं, कारण ते म्हणाले होते की मंत्री वाईट नाही, त्याला फक्त कुणी काही सांगत नाही. उलट 2013 मध्ये त्याच दोन लेखकांनी इंग्लंडमध्ये मालिका नव्यानं काढली. संवाद तसेच धारदार होते, आणि डेव्हिड हेग काही लहान नट नव्हे. पण त्याचा हॅकर सतत तडतडतो. वाक्य कानावर पडायच्या आधी त्यावर उसळतो. थांबत नाही. मला ती मालिका पुरी बघवली नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी पुढे ढकलत आले.

अठ्ठावीस वर्षांचा असताना एडिंग्टनला त्वचेचा एक दुर्मीळ कर्करोग असल्याचं निदान झालं होतं, मायकोसिस फंगॉइडिस. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यानंतर सगळं झालं: रॉबिन हूड, गावोगावची नाटकं, चार मुलं, जेरी, हॅकर, चार नामांकनं, नाटककार हॅरॉल्ड पिंटरच्या नाटकात, नट म्हणून उतरलेल्या पिंटरच्याच समोर उभं राहून केलेलं काम. जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं लोकांना कळू दिलं नाही. ज्याचा धंदाच चेहऱ्याचा, त्याला आजार कातडीचा. शेवटी रूप इतकं बदललं की झाकणं शक्य राहिलं नाही, आणि 1994 मध्ये त्यानं ते जाहीर केलं. त्याच साली 'द गुड लाइफ'मधला जुना दोस्त रिचर्ड ब्रायर्सबरोबर तो लंडनच्या रंगमंचावर होता, डेव्हिड स्टोरीच्या 'होम' या नाटकात. दोन म्हातारे बागेत खुर्च्या टाकून हवापाण्याच्या, ओळखीपाळखीच्या गप्पा मारतात, वाक्यं अर्धी सोडतात, मध्येच गप्प होतात. हळूहळू आपल्याला कळतं की हे घर म्हणजे मनोरुग्णालय आहे. मी ते पाहिलेलं नाही. ते दोघं त्या खुर्च्यांवर कसे बसले असतील हे मात्र मला डोळ्यांसमोर आणता येतं.

हे सगळं कळल्यावर मी जुने भाग लावून त्याच्या गालांवर, मानेवर डाग शोधायला लागले. नंतर ते थांबवलं. त्यानं इतकी वर्षं कष्टानं ज्यापासून आपली नजर दूर ठेवली, तिथेच ती नेऊन खिळवायची हे बरोबर नाही. पण एकदा कळलेलं नकळलेलं होत नाही. हॅकर आरशासमोर टाय सारखा करतो तेव्हा मी अजूनही जरा पुढे झुकते.

1995 च्या नोव्हेंबरात, अडुसष्टाव्या वर्षी तो गेला. त्याच्या थोडंच आधी बीबीसीवर जेरेमी आयझॅक्सनी त्याची मुलाखत घेतली. त्या कार्यक्रमाची रीतच अशी की कॅमेरा पाहुण्याचा चेहरा सोडत नाही. केस विरळ झालेले, कातडी काळवंडलेली, आवाज मात्र तोच, सभ्य, किंचित मिश्कील. तिथे तो सांगतो की तुमच्या थडग्यावर काय लिहावं, असं एका पत्रकारानं विचारलं होतं. त्यावर त्याचं उत्तर होतं, 'यानं फारसं कुणाचं वाईट केलं नाही.' आणि पुढे म्हणतो, हे सोपं नाही. बहुतेक माणसं पुष्कळ वाईट करून जातात असं मला दिसतं. मी फारसं केलं नाही अशी आठवण राहिली, तर तेवढं मला चालेल.

या वाक्याशी माझं अजून जुळलेलं नाही. आपल्याकडे कुणी गेलं की बैठकीत म्हणतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि ते ऐकताना मला नेहमी वाटतं की आयुष्यभर अंग चोरून राहिलेल्या माणसाला आपण शाबासकी देतोय. एडिंग्टनचं तसं नाही हे कळतं. त्याचा नकार अंग चोरण्याचा नव्हता, सगळे एका दिशेला चाललेले असताना वेगळं उभं राहण्याचा होता, आणि त्याची किंमत पडते. 'सोपं नाही' हे त्याच्या तोंडी शोभतं. बाबाही निवृत्तीच्या दिवशी एवढंच म्हणाले होते की माझ्या टेबलावर कुणाचा कागद अडला नाही. तरीही एवढ्यावर हिशेब मिटवायला मी तयार नाही. बाबांना दिवसभराच्या कचेरीनंतर पोट धरून हसवणारा हा माणूस होता, आणि ते हसू न केलेल्या वाईटात बसत नाही.

कुणाला हे दोन्ही बघायचं असेल तर आधी 'द ग्रँड डिझाइन' बघा आणि मग मुलाखत. मी उलट क्रमानं बघितलं होतं. त्या रात्री म्हाताऱ्याच्या बटणाच्या प्रश्नांवर स्टुडिओभर हशा चालला होता आणि मला एकदाही हसू आलं नाही.